दोन सेंटिमीटरांची रयत

आगगाडीच्या प्रतिकृतींचा शौक बाळगणाऱ्या मंडळींमध्ये बॉयलरवरील रिव्हेटांची संख्या, रुळांच्या उंचीचे प्रमाण किंवा डब्यांच्या रंगाची नेमकी छटा यांवरून जे वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत, त्यांची दफ्तरे कोणी एकत्र बांधली तर एखादी कचेरी भरून जाईल. परंतु त्याच गाडीची वाट पाहत फलाटावर तिष्ठणाऱ्या माणसांचा विषय निघाला, की हेच काटेकोर लोक एकाएकी उदार होतात आणि खोक्यातून निघालेल्या आकृती जशाच्या तशा, तकतकीत गुलाबी चेहऱ्यांनिशी, डिंकाच्या थेंबावर उभ्या करून मोकळे होतात. या औदार्याचे कारण आळस हे नव्हे. इंजिनाचे आराखडे मिळतात, त्याच्या रंगाचा दाखला रेल्वे कंपनीच्या कागदपत्रांत सापडतो, आणि चूक झालीच तर ती बोट ठेवून दाखवता येते; माणसाचा आराखडा मात्र कोणी छापलेला नाही, आणि त्याला रंगवताना खरे काय व खोटे काय याचा निवाडा ज्याचा त्यालाच करावा लागतो.

या निवाड्यासाठी जे मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग लष्करी पुतळ्यांच्या रंगकामातून उसना आलेला आहे. ती परंपरा थोर आहे, तिच्यातील कारागिरांचे हात असामान्य आहेत, आणि कुंचला कसा धरावा येथपासून सावली कशी चढवावी येथपर्यंत तिने शिकवलेले पुष्कळसे कोणत्याही शौकिनाला उपयोगी पडते. तथापि तिचा शिपाई हातात घेऊन, नाकाजवळ धरून, फिरवून फिरवून पाहण्यासाठी जन्मलेला असतो. रेल्वेच्या मांडणीवरील हमाल किंवा उतारू हा दुरून, ओझरता, आणि बहुतेक वेळा गाडी शेजारून धडधडत जात असताना पाहिला जातो. एकाची कसोटी दुसऱ्यास लावल्यामुळे या क्षेत्रात बराच घोटाळा झाला आहे, आणि इतक्या लहान माणसावर किती रंगवावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर हाताला वाटते त्याहून नेहमीच कमी असते, असे माझे मत आहे.

प्रथम मापांचा हिशेब मांडणे इष्ट. युरोप खंडात आणि अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १:८७ आहे. त्यात पावणेदोन मीटर उंचीचा इसम जेमतेम २० मिलिमीटर भरतो. इंग्लंडात त्याच १६.५ मि.मी. अंतराच्या रुळांवर ओओ नावाचे १:७६ प्रमाण चालते, आणि तेथे तोच इसम २३ मि.मी. होतो. एन प्रमाणात (१:१६०) तो ११ मि.मी. उरतो, मेर्कलिन कंपनीने १९७२ साली आणलेल्या झेड प्रमाणात (१:२२०) ८ मि.मी., आणि बागेत धावणाऱ्या जी प्रमाणाच्या गाड्यांवर (१:२२.५) मात्र चांगला ७८ मि.मी. एचओ आणि ओओ यांचे रूळ एकच असल्यामुळे दोहोंची माणसे सर्रास एकत्र नांदवली जातात, आणि मग इंग्रज पोर्टर जर्मन फलाटावर पाऊल ठेवताच बरोबर दोन मीटर उंचीचा होतो. असा एखादा धिप्पाड माणूस कोणत्याही गावी खपून जातो. सगळेच तसे असले तर डब्यांची दारे आखूड दिसू लागतात, आणि दोष विनाकारण डब्यांच्या माथी बसतो.

या माणसांची वंशावळ रेल्वेहून जुनी आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे पुतळे ओतले जात, आणि एर्न्स्ट हाइनरिक्सन यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे ३० मि.मी. उंचीचे माप त्यांच्यासाठी रूढ केले. हे पुतळे पत्र्यासारखे पातळ असल्यामुळे त्यांना अंग असे नसतेच. छातीचा फुगवटा, बाहीची चुणी, टोपीखालचा अंधार हे सारे रंगानेच निर्माण करावे लागे, आणि हे काम घरोघरी स्त्रिया व मुले मजुरीने करीत. आकाराने जे दिले नाही ते रंगाने द्यावे, हा आजच्या रंगकामाचा पहिला सिद्धांत त्या मजुरांच्या बोटांतून आलेला आहे, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पुढे १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाने शिशाचे पोकळ ओतकाम साधले, त्यामुळे भरीव गोलाई स्वस्त झाली. आणि १९३१ च्या अखेरीस लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या हॉर्नबी गाड्यांच्या जोडीला जी छोट्या प्रतिकृतींची मालिका काढली, तिचा पहिलाच संच स्टेशनवरच्या नोकरवर्गाचा होता. स्टेशन मास्तर, गार्ड, तिकीट कलेक्टर, ड्रायव्हर आणि दोन पोर्टर, असा तो सहा जणांचा जाबता. याच मालिकेला १९३४ साली डिंकी टॉइज हे नाव मिळाले आणि तिच्यातील मोटारगाड्यांनी पुढे जगभर नाव कमावले. परंतु तिचा श्रीगणेशा मोटारीने केला नसून गणवेशातल्या सहा रेल्वे नोकरांनी केला, हे रेल्वेच्या शौकिनांनी अभिमानाने सांगावे असे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले आणि रोथेनबुर्गजवळची प्रायझर, बर्लिनची मेर्टेन अशा जर्मन कारखान्यांनी एचओ प्रमाणातील माणसांची अक्षरशः लोकसंख्याच उभी केली. टोपलीतून भाजी निवडणारी बाई, छत्री उघडणारा पाद्री, शिडीवरचा रंगारी, पाण्यात पाय सोडून बसलेले प्रेमिक, असे जे जे जर्मन गावात दिसते ते ते या याद्यांत सापडते. तयार रंगवलेली माणसे पाच-सहाच्या संचात महाग पडतात. न रंगवलेली शंभर-सव्वाशेच्या खोक्यात त्या मानाने पुष्कळ स्वस्त. रंगकामाच्या छंदाचे खरे आर्थिक मूळ या तफावतीत आहे, कलासक्तीत नाही, असे म्हटले तर रसिकांनी रागावू नये. मोठ्या स्टेशनाला दोनशे उतारू लागतात आणि दोनशे रंगीत उतारूंची किंमत इंजिनाच्या किमतीला भिडू लागते, तेव्हा भले भले गृहस्थ कुंचला हाती घेतात.

द्रव्याचा विचार थोडक्यात आटोपता येण्याजोगा आहे. कठीण प्लॅस्टिकवर रंग चांगला बसतो. मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवरून तो पापुद्र्याने सुटतो. कथील-शिशाच्या मिश्रधातूची माणसे ओतताना तपशील गुळगुळीत होतो, पण वजनामुळे ती ठाम उभी राहतात. त्यांत शिसे असल्यास काम झाल्यावर हात धुणे आणि कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची जुनी, घातक सवय सोडणे एवढी पथ्ये पाळावीत. अलीकडे जिवंत माणसाला उभे करून, त्याचे सर्व बाजूंनी स्कॅन घेऊन, राळेत छापलेल्या आकृती मिळू लागल्या आहेत, आणि त्यांच्या कोटाला पडलेली चुणी ही शिल्पकाराच्या कल्पनेतली नसून खऱ्या कापडाची असते. साच्यातल्या प्लॅस्टिकच्या माणसाची अडचण वेगळी आहे. पोलादी साचा दोन भागांत सरळ उघडतो, सबब त्यात अडकून बसेल असा कोणताही खोलगट भाग देता येत नाही. म्हणून स्वस्त आकृतींचे हात अंगाला चिकटलेले, पिशव्या मांडीला जोडलेल्या आणि कान बहुधा गैरहजर असतात. साच्याच्या दोन भागांची जी रेघ डोक्यापासून टाचेपर्यंत उतरते, ती सुरीच्या पाठीने खरवडली नाही तर नंतर केलेले सगळे रंगकाम व्यर्थ. कारण पातळ रंग त्या रेघेशी साचतो आणि माणूस मधोमध सांधल्यासारखा दिसतो.

आता ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त शाई खर्ची पडली आहे, तो डोळ्यांचा प्रश्न. माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी सुमारे ३ सेंटिमीटर धरली, तर एचओ प्रमाणात ती एक तृतीयांश मिलिमीटर होते, आणि बुबुळ ०.१४ मि.मी. निरोगी मानवी दृष्टी ६० सेंटिमीटरांवरून सुमारे ०.१७ मि.मी. इतके अंतर वेगळे ओळखू शकते. म्हणजे मांडणीसमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला त्या माणसाचे बुबुळ, ते कितीही अचूक रंगवले तरी, निसर्गनियमानेच दिसणार नाही. याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. साठ सेंटिमीटरांना ८७ ने गुणले की ५२ मीटर होतात. प्रेक्षक त्या उतारूकडे बावन्न मीटरांवरून पाहत असतो, आणि बावन्न मीटरांवर उभ्या असलेल्या खऱ्या माणसाचे आपल्याला काय दिसते याचा पडताळा कोणालाही मैदानात जाऊन घेता येईल: केसांचा गडद भाग, कपाळाचा उजेड, डोळ्यांच्या जागी एक पुसट छाया, नाकाची दिशा, आणि हनुवटीखालचा अंधार. पांढऱ्या डोळ्यांचे दोन ठिपके आणि लाल ओठ तेथे नसतात. तरीही ते रंगवले जातात, आणि असे रंगवलेले इसम फलाटावर उभे केले की सगळे जण एकाच वेळी भूत पाहिल्यासारखे टवकारलेले दिसतात.

मग ते रंगवले का जातात? माझ्या मते याचा ठपका छायाचित्रावर आहे. मासिकांत आणि आता पडद्यावर ही दोन सेंटिमीटरांची माणसे वीतभर उंचीची करून छापली जातात; तेथे डोळे नसले तर चेहरा अपुरा वाटतो, आणि रंगवणारा मांडणीसाठी न रंगवता छायाचित्रासाठी रंगवू लागतो. दोन्ही धन्यांची चाकरी एकाच कुंचल्याने होत नाही. जी प्रमाणाची गोष्ट निराळी. तेथे डोळा सव्वा मिलिमीटरहून रुंद असतो, प्रेक्षक तेरा-चौदा मीटरांवरच असतो, आणि डोळा न रंगवणे हा तेथे खरोखरच आळस ठरेल. एन आणि झेड प्रमाणांत उलट चेहरा हाच एक ठिपका असतो, आणि टोपी व कोट यांच्यामध्ये तो योग्य छटेचा पडला म्हणजे काम झाले.

रंगाच्या जाडीबद्दल असाच एक हिशेब मांडण्याजोगा आहे, कारण तो नवशिक्यांना फारसा कोणी सांगत नाही. हाताने दिलेला रंगाचा एक थर ०.०५ मि.मी. धरला, तर १:८७ या प्रमाणात तो चार मिलिमीटरांहून जाड भरतो, म्हणजे माणसाला प्रत्येक थरागणिक एक लोकरी स्वेटर चढतो. प्रायमर, मूळ रंग, सावली, उजेड, वॉर्निश असे पाच थर दिले की बारीक चणीची तरुणी पोक्त बाई होते, आणि शिल्पकाराने मोठ्या कष्टाने कोरलेली बोटे मिटून हाताच्या मुठी होतात. रंग दुधासारखा पातळ करून वापरा, हा उपदेश एवढ्यासाठी आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे एका माणसाच्या उदाहरणाने पाहू. समजा १९३० च्या दशकातील एखाद्या इंग्लिश ग्रामीण स्टेशनवरचा पोर्टर आहे, ओओ प्रमाणातला, धातूचा. त्याला कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, कोरडा करून, एका पायात भोक पाडून तार बसवायची आणि ती तार जुन्या बुचात खोवायची, म्हणजे काम संपेपर्यंत त्याला बोट लागत नाही. त्यावर करडा प्रायमर. आणि तो वाळल्यावर केवळ वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका फवारा. या एका फवाऱ्याने टोपीचा माथा, खांदे, पुढे आलेला हात आणि बुटांचे पंजे उजळतात, बाकीचा देह करडाच राहतो, आणि ऊन कोठून पडले आहे याचा कच्चा नकाशा आयताच तयार होतो. यानंतर रंग आतून बाहेर चढवत जायचा, म्हणजे माणूस कपडे घालतो त्याच क्रमाने: आधी चेहरा व हात, मग सदरा, मग पाटलोण, मग पोर्टरांचा तो बाह्यांचा वेस्टकोट, शेवटी टोपी. बाहेरच्या कपड्याची कड आतल्या रंगावर ओढता येते. आतला रंग बाहेरच्या कडेखाली सारताना हात हमखास घसरतो. वेस्टकोटाचे अंग आणि बाह्या वेगवेगळ्या कापडांच्या असत, तेव्हा दोन्हींना निळ्या-काळ्याच्या दोन किंचित भिन्न छटा द्याव्यात. काळा रंग काळा म्हणून मुळीच लावू नये. गडद करड्यात निळ्याचा अंश मिसळला की तो या मापावर काळाच दिसतो, आणि खरा काळा लावला तर तेथे माणसाऐवजी भोक पडल्यासारखे वाटते. पांढऱ्यालाही हाच नियम. कॉलरसाठी जुन्या कागदाच्या रंगाचा पांढरा पुरतो.

या पायरीपर्यंत पोर्टर सपाट व बालिश दिसतो, आणि पुष्कळ जण येथेच निराश होऊन थांबतात. त्याला जिवंतपणा येतो तो पुढल्या दोन क्रियांनी. मातकट तपकिरी रंग अगदी पाण्यासारखा करून सर्वांगावर सोडला, की तो बाहीच्या चुणीत, काखेत, बोटांच्या फटींत आणि टोपीच्या कडेखाली जाऊन बसतो. शौकीन त्याला वॉश म्हणतात. तो पूर्ण वाळल्यावर मूळ रंगाहून किंचित फिकट रंग कुंचल्यावर घेऊन, तो कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकून, उरलेल्या कोरड्या केसांनी उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचे. चेहऱ्यावर एवढ्याने डोळ्यांच्या खोबणी, नाक आणि हनुवटी आपोआप उमटतात; टोपीच्या बिल्ल्यासाठी मळक्या पितळेचा एक ठिपका, बुटांवर घोट्यापर्यंत फलाटाच्या धुळीची छटा, आणि सर्वांत शेवटी चमकरहित वॉर्निश. हे वॉर्निश टाळणे हा अपराध समजावा. प्लॅस्टिकसारखी चमक राहिली की आधीची सारी मेहनत खेळण्याच्या सदरात जमा होते.

साहित्याचे स्तोम फार माजले आहे. कुंचला शून्य-शून्य-शून्य क्रमांकाचाच हवा अशी समजूत असते; वास्तविक इतक्या बारीक कुंचल्यात रंग टोकापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. शून्य किंवा एक क्रमांकाचा, पण टोक न फाटणारा कुंचला अधिक बारीक काम करतो. विन्सर अँड न्यूटनचा सात क्रमांकाच्या मालिकेतील केसाळ कुंचला, जो १८६६ साली व्हिक्टोरिया राणीच्या फर्माइशीवरून बनला असे सांगतात, तो अर्थातच उत्तम. परंतु तो नाही म्हणून काम अडत नाही. हम्ब्रोलच्या इवल्या डब्यांतले तेलकट इनॅमल रंग एका पिढीने वापरले, आता पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग सर्वत्र आहेत. आपल्याकडे १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिक रंगांवरही, थर पातळ ठेवण्याचे भान असल्यास, पुष्कळ काम निभावते. शाळेतले पोस्टर रंग मात्र या कामी येत नाहीत, वॉर्निशचा हात फिरताच ते विरघळून येतात. खरी काळजी घ्यायची ती उजेडाची. मांडणी ज्या दिव्याखाली राहणार त्याच दिव्याखाली रंगवावे. पिवळ्या बल्बखाली साधलेली कातडीची छटा पांढऱ्या एलईडीखाली आजारी दिसते.

एक एक माणूस सुंदर झाला म्हणजे घोळका सुंदर होतो असे नाही. तयार रंगवलेल्या संचांत प्रत्येक आकृती दुकानात उठून दिसावी म्हणून लाल, पिवळ्या, आकाशी रंगांनी नटवलेली असते, आणि अशा पन्नास आकृती एकत्र आल्या की फलाटावर जत्रा भरल्याचा भास होतो. युद्धपूर्व इंग्लंडातला किंवा जर्मनीतला घोळका हा तपकिरी, करडा, गर्द निळा आणि मळकट हिरवा यांचाच बनलेला असे. त्यात एक लाल टोपी किंवा एक पिवळे फ्रॉक पुरे होते, आणि ती एकच असल्यामुळे नजर तिच्यावर जाऊन स्थिरावत असे. ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनम या खेड्यातल्या पेंडन संग्रहालयात हा संयम पाहायला मिळतो. ऑस्ट्रेलियातून १९२५ साली इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थाने व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातील गवताच्या छपरांची घरे डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहिली, आणि दोन महायुद्धांमधले ते सारे खोरे ओओच्याच मापात उतरवून ठेवण्याचा संकल्प सोडला. तेथील माणसे संख्येने थोडी आहेत, कामात गढलेली आहेत, आणि कोणीही प्रेक्षकाकडे पाहत नाही.

येथेच रंगाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्वाचा असा पवित्र्याचा मुद्दा येतो. रेल्वेच्या मांडणीवर गाड्या हलतात आणि माणसे हलत नाहीत. ही विसंगती झाकणे हे माणसे निवडणाऱ्याचे मुख्य काम आहे. धावत गाडी पकडणारा, एक पाय हवेत असलेला उतारू पहिल्या क्षणी मोठा नाट्यपूर्ण दिसतो, पण गाडी निघून जाते, दुसरी येते, तीही जाते, आणि हा आपला एक पाय उचलून तेथेच. बाकावर बसलेला, भिंतीला टेकलेला, वर्तमानपत्र वाचणारा किंवा दोघांत बोलत असलेला माणूस तासभर पाहिला तरी खोटा वाटत नाही, कारण खऱ्या स्टेशनावर लोक तासन्‌तास तेच करत असतात. व्हीसमान या जर्मन कंपनीने मोटर लावून हात-पाय हलवणाऱ्या आकृतीही काढल्या आहेत; त्या मौजेच्या आहेत, परंतु एक माणूस अखंड लाकूड फोडतो आहे आणि बाकीचे गाव गोठलेले आहे, हे दृश्य मला तरी अस्वस्थ करते.

हाम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत २००१ साली ब्राऊन या जुळ्या बंधूंनी उघडलेल्या मिनिआटुर वुंडरलँडचा मार्ग अगदी वेगळा. तेथे एचओ प्रमाणातील माणसांची संख्या अडीच लाखांच्या वर गेली आहे आणि जागोजागी विनोद, अपघात, गुन्हे आणि प्रणय यांचे प्रसंग पेरलेले आहेत. दर पंधरा मिनिटांच्या सुमारास तेथे रात्र पडते आणि निळसर उजेडात लाल रंग काळवंडून फिकट कपडेच तेवढे उरतात. एवढ्या प्रजेत प्रत्येकाला पोर्टरासारखा न्याय देणे अशक्य, आणि तो द्यायची गरजही नाही. तेथे समुदाय हाच रंगाचा विषय आहे. या माणसांनी तर आता रेल्वेचा आश्रयही सोडला आहे. लंडनमध्ये स्लिंकाचू या टोपणनावाच्या कलावंताने २००६ पासून ती रस्त्यावर, डबक्याकाठी, सिगारेटच्या थोटकाशेजारी उभी करून सोडून दिली. जपानमध्ये तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक याप्रमाणे ब्रोकोलीची झाडे आणि पावाचे डोंगर करून त्यांत ती वसवतात. दोघांचेही काम छायाचित्रातून पोहोचते, त्यामुळे डोळ्यांच्या प्रश्नावर त्यांचा दाखला देणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दिसतो त्याहून जुना आहे. मुंबईच्या भायखळ्यातील, १८७२ साली खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात निरनिराळ्या जातीजमातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या रंगवलेल्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. त्यांतील पागोट्यांचे पेच आणि धोतरांचे काठ पाहून कोणाही आधुनिक शौकिनाने धडा घ्यावा. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा तर घरोघरचा. त्याचे डोळे मोठे व मिशा ठसठशीत असतात, आणि ते योग्यच आहे, कारण तो उंचीने वीतभराच्या आत-बाहेर असतो व त्याला पाहणारे मूल गुडघ्यांवर बसून हातभर अंतरावरून पाहते. महाराज सिंहासनावर बसले असताही बुरुजाहून उंच भरतात, पण तेथे प्रमाणाचा हिशेब कोणी मागत नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि कित्येक पुणेकर मुलांनी एचओ प्रमाणातले चालते शहर प्रथम पाहिले ते तेथेच.

मात्र ज्याला आपल्या ओळखीचे स्टेशन, उदाहरणार्थ साठ-पासष्ट सालचे मिरज किंवा मनमाड, उभे करायचे आहे, त्याच्यापुढे बाजारातली सगळी जर्मन लोकसंख्या हात टेकते. त्या आकृतींचे हात ओव्हरकोटाच्या खिशांत असतात, डोक्यावर हॅट असते, सामान हातात किंवा ढकलगाडीवर असते. डोक्यावर दोन पेट्या चढवून वर एक वळकटी तोललेला लाल डगल्याचा हमाल त्यांच्यात नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे उकिडवे बसलेला माणूस. आपल्या फलाटावर निम्मी जनता उकिडवी किंवा मांडी घालून, पथाऱ्या पसरून बसलेली असते, आणि युरोपीय साच्यांना गुडघा वाकवण्याची सवय बाकाच्या उंचीपुरतीच आहे. ऑनलाइन दुकानांत शंभराच्या पिशवीत मिळणारी, वास्तुशिल्पाच्या नमुन्यांसाठी बनलेली स्वस्त माणसे तर चार-पाच पवित्र्यांतच आळीपाळीने फिरतात. पण कापाकापीसाठी हीच उत्तम, कारण बिघडल्याचे दुःख नाही.

या कापाकापीचे काही ठोकताळे सांगता येतात. सहावारी साडीसाठी लांब स्कर्टची बाई घ्यावी आणि पातळ टिश्यू कागदाची पट्टी पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून तिच्या खांद्यावरून पदर म्हणून सोडावी. नऊवारीसाठी मात्र पाटलोण घातलेला पुरुषच लागतो, कारण काष्ट्याला दोन पाय वेगळे दिसावे लागतात. धोतरालाही तोच उपाय, पोटऱ्यांभोवती एम-सीलचा पातळ लेप देऊन. गांधी टोपी कागदाची न करता शिपायांच्या लांबट टोपीचे डोके कापून बसवलेली बरी. कातडीसाठी बाजारातील तयार छटा विसरून यलो ऑकर व बर्न्ट सिएना यांचे मिश्रण करावे आणि ते माणसागणिक बदलावे. सगळे एकाच तव्यावर भाजल्यासारखे नकोत. युरोपीय घोळक्याचा मळकट रंगांचा नियम येथे लागू पडत नाही, कारण आपल्याकडे पुरुषांचा समुदाय पांढरा आणि स्त्रियांचा रंगीत, अशी वाटणीच त्या काळी होती. तरी हा पांढराही धुळीचा पांढरा असावा आणि साड्यांचे रंग कुंचल्यावर येण्याआधी थोडे करडे करून घ्यावेत, कारण बावन्न मीटरांचा हिशेब मिरजेसही चुकत नाही.

स्कॅन करून छापण्याची सोय आता आपल्या शहरांतही झाली आहे, आणि हे काम संघटितपणे कोणी हाती घ्यायचे ठरवलेच, तर पहिल्या संचासाठी माझी शिफारस अशी: डोक्यावर ओझे घेतलेला एक हमाल आणि ओझे उतरवून घेणारा दुसरा, पांढऱ्या गणवेशातील, हिरवे निशाण गुंडाळून हातात धरलेला गार्ड, काळ्या कोटातील तिकीट तपासनीस, चहाची किटली घेतलेला पोरगा, ट्रंकेवर बसलेली नऊवारीतली आजी, आणि उकिडवे बसलेले निदान चार इसम, त्यांतला एक विडी पेटवताना. उभे राहून वाट पाहणारे लोक जर्मनीहून मागवले तरी चालतील, फक्त त्यांच्या हॅटा कापून टाकाव्या लागतील.